वाऱ्यात कुठला ड्रोन बरा, २४९ ग्रॅमवाला की सातशेवाला?

गोव्यात केरीच्या किनाऱ्यावर दुपारी तीननंतर सुरूच्या झाडांतून जो सूंसूं आवाज येतो ना, तोच माझा वाऱ्याचा मीटर. तो आवाज वाढला की छोटा ड्रोन बॅगेतच राहतो. छोटा दोन वर्षं वापरला, सातशे ग्रॅमच्या आसपासचा गेल्या दिवाळीपासून आहे, आणि पेडण्यातला दर दुसरा पोरगा हेच विचारतो की कुठला घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

डब्यावरचे आकडे बघून काही कळत नाही. छोटा म्हणतो सेकंदाला १०.७ मीटर वारा झेलतो, मोठा म्हणतो १२, म्हणजे फरक काय मोठासा? पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि जागेवर उभं राहायला ड्रोनला वाऱ्याकडे वाकावं लागतं. वजनाच्या मानाने अंग मोठं असलं की जास्त वाकावं लागतं, तिथे छोटा मार खातो. उडून पडत नाही हं, जीपीएस धरून असतो, पण सारखा धडपडत असतो आणि ते व्हिडिओत दिसतं. सावकाश पॅन घेताना मध्येच एक बारीक हिसका येतो, गिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा जोड असूनही, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं की नेमका चांगल्या शॉटमध्येच असतो.

तरी ते मी चालवून घेतलं असतं. खरा वैताग परत येतानाचा.

दुपारचा खारा वारा दर्यावरून आत येतो. मी किनाऱ्यावर उभा राहून छोटा तेरेखोल नदीच्या कडेने आत सोडायचो, जाताना वारा पाठीशी म्हणून भुर्रकन जायचा, मी खूश. परत वळवला की लटकला. हिशोब साधा आहे, नॉर्मल मोडमध्ये वेग सेकंदाला साधारण १० मीटर, समोरून ७ चा वारा, हातात उरले ३. जे ३०० मीटर अठरा सेकंदांत गेलो ते यायला शंभर सेकंद, बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. मग स्पोर्ट मोड, म्हणजे जास्त वेगाचा. स्पोर्ट मोडमध्ये येतो बरोबर, पण अडथळे ओळखणारे सेन्सर बंद, पुढे वाकल्यामुळे वरच्या कोपऱ्यात पंखे दिसायला लागतात म्हणजे शॉट वाया, आणि समोर सुरूच्या त्या बारीक काड्या. एकदा तर काडीला घासून वाळूतच उतरला, पंखा तुटला, गिंबलमध्ये वाळू. दर फेरीला परतताना असा जीव मुठीत धरून बसायचं असेल तर हौस कसली?

मोठा परतताना कधी स्पोर्टवर टाकावा लागला नाही, असं नाही म्हणणार. दोनदा टाकला असेल. बाकी वेळ नॉर्मलमध्येच सरळ येतो, सेन्सर चालू, आणि येतानाचा शॉटही वापरता येतो. फरक एवढाच, पण माझ्यासाठी पुरेसा.

आता छोट्याच्या बाजूने. खिशात मावतो, आवाज कमी, हातावर उतरवायला सोपा. मोठा वाऱ्यात हातात पकडायला गेलात तर बोटं सांभाळा. कागदपत्रांचं म्हणाल तर २५० ग्रॅमखाली सगळं माफ हा गैरसमज आहे, नोंदणीचा नंबर दोघांनाही लागतो आणि दाबोळी नि मोपा हे दोन विमानतळ असल्यामुळे उडवण्याआधी कुठे उडवता येतं त्याचा नकाशा बघावाच लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत नुसत्या हौसेसाठी २ किलोपर्यंत पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण लग्नाच्या ऑर्डरी घेणार असाल तर २५० च्या वर ते लागतं. तसं असेल तर छोट्याचा विचार जरूर करा. फक्त पंख्यांना गार्ड लावलात तर वजन २५० च्या पुढे जाईल, तेही बघा.

कुठलाही घेतलात तरी आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा मदतीला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हे उलटं होतं, मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे जातो. माडांच्या आडोशाला काहीच जाणवत नाही, पुढे पाण्यावर गेलं की कळतं. त्या दिवसांत दर्यावर लांब जाऊ नका, खाली आणि जवळ उडवा.

माझा छोटा विकलेला नाही. सकाळी खारा वारा सुटायच्या आत शेतावरचं धुकं घ्यायला तोच नेतो, मोठा उचलून कोण नेणार एवढ्या लवकर.