स्ट्राँग हायब्रिड आणि गोव्याचा पाऊस : पेट्रोलच्या टाकीचा १९ महिन्यांचा अनुभव

गाडी मार्च २०२४मध्ये घेतली, १९ महिन्यांत ३१,००० किलोमीटर झाले. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला एकटीनेही गाडी चालवू शकणारी विजेची मोटर, डिकीखाली बॅटरी, ४५ लिटरची टाकी. रोजचा रस्ता डिचोली, अस्नोडा, म्हापसा, पर्वरी, पणजी आणि संध्याकाळी तोच उलटा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्या स्ट्राँग हायब्रिडना लागू पडतं आणि त्यात गाडीचा दोष नाही.

मायलेजचं आधी उरकते. टाकी ते टाकी मोजून कोरड्या दिवसांत २३, पावसाळ्यात एसी आणि काचेवरचं धुकं घालवायचा ब्लोअर सतत चालू असताना २१. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकायच्या, तिथे इंजिन बहुतेक वेळ बंदच असायचं. समाधानी आहे. एका टाकीत तीन आठवडे जातात. हे तीन आठवडे लक्षात ठेवा, त्यावर पुन्हा येणार आहे.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी विचारलं होतं, पेट्रोल फिल्टर कधी बदलायचा? उत्तर आलं, "मॅडम, यात फिल्टरच नाही." हे अर्धंच खरं. फिल्टर असतो, पण जुन्या गाड्यांसारखा पाइपमध्ये बाहेर लावलेला नसतो. तो टाकीच्या आत फ्युएल पंपाच्या संचात बसवलेला असतो आणि पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ठरावीक किलोमीटरला बदलायच्या यादीत तो येत नाही, गाडीच्या आयुष्यभर टिकेल असं धरलेलं असतं. पेट्रोल स्वच्छ असेल तर टिकतोही. सगळं त्या 'असेल तर'वर अवलंबून आहे.

२०२५च्या जुलैत रात्रभर कोसळलेल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना टाकी भरली. पंपावर पाणी साचलं होतं, नुकताच टँकर खाली होऊन गेला होता, तरी घाई होती म्हणून थांबले नाही. पंप ते घर दोन किलोमीटर, गाडी बॅटरीवरच आली. सकाळी बटण दाबलं, रेडीचा दिवा लागला, गाडी नेहमीसारखी आवाज न करता निघाली. बाजार ओलांडून चढ लागला तेव्हा इंजिन सुरू झालं आणि सीटखाली हलकी थरथर आली, रस्ता खराब असावा तशी. वेग मात्र कमी झाला नाही. मला वाटलं, खड्डे. अस्नोड्याच्या अलीकडे पाहिलं तर बॅटरीची पट्टी दोन खुणांवर आली होती. त्या वळणावर ती कधी चारच्या खाली गेलेली मी पाहिली नव्हती. मग इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि पाठोपाठ हायब्रिड सिस्टिम तपासा असा मजकूर. गाडी बाजूला घेतली.

साध्या गाडीत पेट्रोलमध्ये पाणी आलं की दोन मिनिटांत कळतं. गाडी झटके देते, पिकअप मरतो, सिग्नलला बंद पडते. हायब्रिडमध्ये इंजिन अडखळलं की मोटर ती उणीव भरून काढते. चालवणाऱ्याच्या पायाला काही जाणवत नाही. खराब पेट्रोल जाळत इंजिन कुथत राहतं, बॅटरी त्याचं ओझं वाहत राहते आणि आपण निवांत. म्हणजे जी गोष्ट या गाडीत सगळ्यात सुखाची, तीच दुखणं लपवते. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, हे मला माहीत होतं म्हणून थांबले. तशीच रेटली असती तर न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं असतं आणि खर्च कुठल्या कुठे गेला असता.

गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवूनच न्यायला लावली. पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली की मोटरही फिरते, म्हणून दोरी बांधून ओढायची नाही. वर्कशॉपमध्ये टाकीतलं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत काढून मेस्त्रीने माझ्यासमोर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. दहा मिनिटांत दोन थर झाले. वर फिकट पिवळं पेट्रोल, खाली तीन बोटं दुधाळ पाणी, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. पंपाची जाळी बाहेर आली ती तांबूस चिखलाने माखलेली.

आता सगळीकडे ई२० मिळतं, म्हणजे पाचातला एक भाग इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं असेल तर सामावून घेतं आणि ते जळून जातं, त्याचा त्रास होत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाला जाऊन बसतं. पंप ओढतो तळातूनच. म्हणजे इंजिनला आधी पाणी मिळतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही (ठोके न देता जळायची क्षमता) उतरलेला असतो. तेव्हा असं पेट्रोल 'थोडं नवीन मिसळून' वापरून टाकू, हा हिशेब करू नका. मला तसं सुचवलं गेलं होतं. मी सगळं काढायला लावलं.

टाकी उतरवून धुणं, पाइप आणि इंजेक्टर साफ करणं, पंपाचा संच, तीन प्लग, ऑइल आणि गाडी आणायचं भाडं मिळून बिल १९,४०० रुपये झालं. खराब इंधन वॉरंटीत बसत नाही. टाकीचं काम हायब्रिड शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. बॅटरी आणि नारिंगी वायरी जवळच असतात, त्यात जिवाला धोका असण्याइतका विजेचा दाब असतो. पंपावर मी बाटली, पेट्रोलची पावती आणि वर्कशॉपचा कागद घेऊन गेले. आधी "आमच्याकडे असं होतच नाही" झालं, मग तेल कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवल्यावर महिनाभराने निम्मी रक्कम मिळाली. पावती नसती तर तीही नाही. तेव्हापासून टाकीची प्रत्येक पावती फोटो काढून ठेवते.

पंपावर आपण फुकटात काय मागू शकतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. फिल्टर पेपर मागायचा, नोझलचं तोंड पुसून त्यावर एक थेंब टाकायचा. दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. हे भेसळीसाठी. घनता तपासून मागता येते, पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं. पावसाळ्यात मी आणखी एक करते, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाण्याची डिप (काठी बुडवून पाणी आहे का ते बघणं) कधी घेतली ते विचारते. चांगला पंपवाला रागावत नाही, वही दाखवतो. आता म्हापशात एका वर्दळीच्या पंपावर भरते, तिथे माल पडून राहत नाही. टँकर उभा दिसला की पुढे जाते, कारण त्या वेळी तळाचा गाळ ढवळलेला असतो.

पंपावरचा मुलगा नोझल थांबल्यावर "राउंड फिगर करू?" विचारतो. नाही म्हणायचं. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन चालू असताना जाळली जाते. गळ्यापर्यंत भरलं की पातळ पेट्रोलच त्या डब्यात शिरतं आणि कोळसा निकामी होतो. हायब्रिडमध्ये इंजिन आधीच कमी वेळ चालतं, त्यामुळे डब्याला मोकळं व्हायला कमी संधी मिळते.

ते तीन आठवडे. पेट्रोल इतकं टिकतं म्हणून पाव टाकीवर येईपर्यंत थांबायची सवय लागते. टाकी जितकी रिकामी तितकी आत दमट हवा जास्त. आमच्या शेजारचे काका पहिल्यापासून सांगायचे, "टांकी रिती दवरूं नाका, पावस आसा." (टाकी रिकामी ठेवू नका, पाऊस आहे.) जून ते सप्टेंबर मी अर्ध्याच्या खाली जात नाही. आणि टाकी पूर्ण संपू देणं तर कधीच नको. माझ्या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, मोठी बॅटरीच मोटरकरवी इंजिन फिरवते. पेट्रोल संपल्यावर बॅटरीवर रेटत राहिलात आणि तीही उतरली, तर नंतर कॅनमधून पेट्रोल ओतूनही इंजिन फिरणार नाही. १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला जंपर (दुसऱ्या गाडीतून वीज देणारी वायर) लावून तिथे उपयोग होत नाही.

मे महिन्यात सुट्टीवर असताना पंधरा दिवस गाडी फक्त बाजार आणि जवळच्या मये गावापर्यंत फिरली. इंजिन चाळीस सेकंद चालायचं, तापायच्या आत बंद. एके सकाळी ऑइलची काडी काढून नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. मग रविवारी फोंड्यापर्यंत एक लांब फेरी मारली, आणि ती सवय ठेवली आहे. किलोमीटर कमी झाले तरी ऑइल वर्षाच्या आत बदलते.

आणखी एक फिल्टर विसरला जातो, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. मागच्या सीटजवळची जाळी बॅटरीला हवा पुरवते. माझी २०,००० किलोमीटरला उघडली तेव्हा त्यावर पर्वरीची तांबडी धूळ आणि आमच्या कुत्र्याचे केस यांची गादी झाली होती. पाच मिनिटांचं काम, यादीत नसलं तरी मागून घ्या. सीटवर सामान ठेवताना ती झाकली जाणार नाही हेही बघा.

सर्व्हिसिंगला पुढे केलेलं 'फ्युएल सिस्टिम क्लीनिंग'चं पॅकेज मात्र दोन्ही वेळा नाकारलं. माझ्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, ते व्हॉल्व्ह धूतच राहतं. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांची गोष्ट वेगळी, तिथे काजळी साठते. काही तक्रार नसताना ते पैसे मी चांगल्या एअर फिल्टरवर घालवेन. पर्वरीच्या धुळीत तो वेळेच्या निम्म्यात काळा पडतो.

धाकट्या दिराची २०११ची साधी पेट्रोल गाडी आहे. ई२० आल्यावर ती अडखळायला लागली तेव्हा पाइपमधला फिल्टर कापून पाहिला, आत कॉफीच्या गाळासारखा थर होता. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळ इथेनॉलने सोडवून पुढे ढकलला होता. फिल्टर आणि दोन रबरी नळ्या बदलल्या, गाडी सुरळीत. दिराला ते पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्याच्या गाडीत झाकायला मोटर नाही. मी आता चढावर इंजिन सुरू झालं की आधी बॅटरीच्या पट्टीकडे पाहते.