एक्स५७० आणि ए५२०: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या जूनमध्ये भाच्याने पुण्याहून आपल्या गेमिंग मशीनचा एक्स५७० चिपसेटचा मदरबोर्ड (मशीनचे सगळे भाग ज्यावर बसतात तो; चिपसेट म्हणजे त्यावरची, बाकीचे भाग प्रोसेसरशी जोडणारी चिप) आणून दिला, साडेसात हजारांत. त्यावर एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर बसवला. दिवाळीनंतर काम वाढलं तसं दुसरं मशीन केलं, त्याला यवतमाळहून ए५२० चा नवा बोर्ड घेतला, पाच हजारांना. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, एवढा साधा बोर्ड कायले घेता?" आता दोन्ही पुरते वापरून झाले आहेत, त्यामुळे सांगता येतं.

दोन्ही बोर्ड एएम४ सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा सारखीच. म्हणून एका रविवारी दुकान बंद ठेवून तोच प्रोसेसर, तीच रॅम, तोच एसएसडी आणि तोच पॉवर सप्लाय आळीपाळीने दोन्हींवर लावला आणि प्लगमध्ये वॉटमीटर खोचला. विंडोज सुरू, काम काहीच नाही, अशा वेळी एक्स५७० वर ४४ वॅट, ए५२० वर ३०. मॉनिटर यात धरलेला नाही. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकला तेव्हाही अंतर साधारण तेवढंच राहिलं. आमचं मशीन दिवसातला बहुतेक वेळ रिकामंच बसलेलं असतं, कारण माणूस आधार कार्ड शोधत असतो नाहीतर ओटीपीची वाट पाहत असतो. म्हणून माझ्यासाठी पहिला आकडा खरा.

अंतर येतं कुठून? २०१९ साली आलेला एक्स५७० हा चिपसेट स्वतःच पीसीआयई ४.० (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायच्या मार्गाची ३.० पेक्षा वेगवान आवृत्ती) चालवतो आणि ११ ते १५ वॅट खातो. २०२० चे बी५५० आणि ए५२० हे चिपसेट पाचेक वॅटमध्ये भागवतात. उरलेला फरक महागड्या बोर्डावरच्या जादा कंट्रोलरचा आणि दिव्यांचा असावा. मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. ५६००जी हा प्रोसेसर पीसीआयई ३.० पर्यंतच जातो. म्हणजे ग्राफिक्सच्या स्लॉटला आणि प्रोसेसरला जोडलेल्या एसएसडीला ४.० चा वेग मिळणारच नव्हता, आणि मी मात्र अकरा महिने त्याची वीज भरत होतो.

बिलाचं म्हणाल तर त्याचा बाऊ करू नका. १४ वॅट, रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३.६४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला छत्तीस रुपये. एवढ्यासाठी चालता बोर्ड कोणी बदलू नये.

खरी किंमत कळते ती लाईन गेल्यावर. माझ्याकडे दोन्ही मशीनला सारखेच लहान यूपीएस आहेत. मॉनिटरसकट एक्स५७० वालं २२ मिनिटं टिकतं, ए५२० वालं ३०. आठ मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. पण पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी बाहेर पंचवीस माणसं उभी असतात, सातबारा अपलोड होत असतो, आणि पडदा काळा झाला की त्या शेतकऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मागच्या जुलैत हे माझ्यासमोर तीनदा घडलं. एक आजोबा पाच कोस चालून आले होते. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

दुसरी गोष्ट उष्णतेची. माझ्या एक्स५७० बोर्डावर चिपसेटला छोटा पंखा आहे. शेजारी जिनिंग असल्याने डिसेंबरपासून कापसाचे तंतू हवेत असतात. जानेवारीत तो पंखा तंतूंनी गच्च बसला आणि मशीन अडखळू लागलं. यात बोर्डाचा दोष नाही, दर आठवड्याला ब्रश मारायला हवा होता. ए५२० वर पंखाच नाही, नुसता पत्र्यासारखा हीटसिंक. मे महिन्यात दुकानात ४३ अंश असतानाही त्याला बोट लावून ठेवता येत होतं. विदर्भात हे फार मोलाचं आहे.

आणखी एक मोजलं. जुना साधा पॉवर सप्लाय लावला की त्याच ए५२० वर ३० चे ४१ वॅट होतात. म्हणजे चांगला ८० प्लस (कमी वीज वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) सप्लाय घेतला तर जवळजवळ बोर्ड बदलल्याइतका फरक पडतो. आधी तिकडे बघा.

एएमडीऐवजी इंटेलचा प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एवढंच: त्यांचे एच६१०, बी६६० आणि झेड६९० हे चिपसेट, तिन्हींचा विजेचा जाहीर आकडा ६ वॅटच आहे. तिथे जादा पैसे सोयींचे जातात, विजेचे नाही.

ए५२० ची तक्रारही आहे. माझ्या बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट आणि एम.२ ची (बोर्डावरच एसएसडी बसवायची) एकच जागा. शिवाय प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, पण ते मला नकोच आहे. मृगाआधी तिसरं मशीन करायचं आहे. बोर्ड ए५२० चाच घेईन, सुरुवातीलाच १६ जीबी रॅम टाकेन, आणि एक्स५७० न घेता वाचलेल्या अडीच हजारांत यूपीएसची मोठी बॅटरी.