खुर्दचा बँड बुद्रुकला: आमच्या लायब्ररीची दिवाळी अंक योजना

गेल्या दिवाळीत घराजवळच्या लायब्ररीची दिवाळी अंक योजना घेतली आणि गुढीपाडव्याला शेवटचा अंक परत केला. पाच महिन्यांत ३१ अंक घरी आले. वर्गणी ६०० रुपये, अनामत ५०० रुपये. अनामत पूर्ण परत मिळाली. एक अंक विकत घ्यायचा म्हटलं तर आता तीनशे-चारशे रुपये मोजावे लागतात, इथे अंकामागे वीस रुपयेही पडले नाहीत. पैशांचा हिशेब एवढाच. बाकीचं सगळं अण्णांबद्दल आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निम्मी नोकरी सिन्नर तालुक्यात झाली, निम्मी निफाडकडे. काचबिंदूने त्यांची नजर गेली. या आजारात आधी कडेचं दिसेनासं होतं, समोरचं नीट वाचता येत असतं, म्हणून बरेच दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सकाळचा पेपर घडी करून बाजूला ठेवला तो कायमचा. त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण दसरा झाला की म्हणायचे, "अंक आले असतील रे बाजारात." बस, एवढंच. मला ते ऐकवत नसे.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक निघतात, मग आपल्या सणाला आपलाही का नको, असा त्यामागचा विचार सांगतात. तेव्हापासून चकली-करंजीबरोबर कथा घरात यायला लागल्या. अण्णांच्या शाळेच्या गावात मात्र घरोघरी अंक नसत. एखादा यायचा, तोही अण्णा नाशिकहून घेऊन जायचे. भाऊबीज झाली की संध्याकाळी मारुतीच्या पारावर कंदील ठेवून ते वाचून दाखवायचे, आणि माणसं कापणीची कामं उरकून ऐकायला बसायची. सुरुवात नेहमी विनोदी कथेने. गंभीर कथा लोक ऐकत नसत असं नाही, पण आधी हसलेला माणूस नंतर रडायलाही तयार असतो, असं अण्णा सांगतात.

लायब्ररीकडे वळण्याआधी दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. एकदा ऑनलाइन चार अंकांचा संच मागवला. त्यात विनोदी म्हणून कबूल केलेल्या दोन अंकांच्या जागी वास्तू आणि आरोग्याचे अंक आले. तीन मेल केले, उत्तर नाही. मग मोबाइलवर गोष्टी वाचणारं एक ॲप घेतलं. उच्चार बरे होते, पण आवाज सगळीकडे सारखा. म्हातारीचं बोलणं, फौजदाराचं बोलणं आणि पावसाचं वर्णन एकाच पट्टीत. अण्णांनी अर्धी कथा ऐकली आणि म्हणाले, "बंद कर. त्याला गोष्ट कळलेली नाही."

नाशिकला वाचनालयांची कमतरता नाही. सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालापासूनचं आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेच्या पुस्तकपेट्याही आहेत. पण मी अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. शिफ्ट सुटल्यावर सिडकोतून गावात जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळ गेलीच. ही लायब्ररी घरापासून चालत आठ मिनिटांवर आहे. एका बंगल्याच्या खालच्या दोन खोल्या, पुढे शटर, आत लोखंडी मांडण्या. एक काका आणि काकू चालवतात.

काका अंक नुसता मांडणीवर ठेवत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. दिवाळी अंक जाडजूड असतो. चार माणसांच्या हातून गेला की पिना सैल होतात आणि मधली पानं सुटतात. म्हणून नवा अंक आला की काका तो लाकडी पाटावर ठेवतात, दाभणाने पाठीला पाच भोकं पाडतात आणि जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवून घेतात. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढतात, म्हणजे गाठ सुटत नाही. वरून खाकी कव्हर, आत डिंकाने चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. काकू प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका वाचून कव्हरवर पेन्सिलने बारीक खूण करतात: वि म्हणजे विनोदी, ग्रा म्हणजे ग्रामीण, गू म्हणजे गूढ. ही पेन्सिलची खूण माझ्या फार कामी आली. शटर ओढायला पाच मिनिटं उरलेली असताना पोचलो तरी मी 'वि' पाहून अंक उचलत असे.

पहिला अंक आणला त्या रात्री जेवणं झाल्यावर वाचायला बसलो. कथा एका बँडची होती. नदीच्या अलीकडे खुर्द, पलीकडे बुद्रुक. तालुक्याहून निघालेला बँड खुर्दच्या लग्नाला जायचा, तो टेम्पोवाल्याच्या गडबडीत बुद्रुकला उतरतो. योगायोगाने तिथेही लग्न असतं, पण नवरदेवाच्या बापाने खर्च नको म्हणून बँड ठरवलेलाच नसतो. वाजंत्री मांडवात शिरतात आणि सुरू होतात. आता हे पैसे आपल्या अंगावर येणार म्हणून बाप त्यांना थांबवायला धावतो, दोन्ही हात वर करून ओरडतो, पण क्लॅरिनेटपुढे त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? लोकांना वाटतं म्हातारा खुशीत येऊन नाचतोय, आणि दोघं-तिघं त्याला खांद्यावर घेतात.

मी ते सरळ वाचून काढलं. अण्णा हसले, पण बेताचं. मग म्हणाले, "परत वाच. 'हात वर केले' म्हणालास ना, तिथे थांब. ऐकणाऱ्याला ते हात दिसू दे. मग पुढचं."

परत वाचलं. हात वर केले. थांबलो. मनात दोन आकडे मोजले. आतून भांडी आवरत असलेली बायको दारात येऊन उभी राहिली. मग पुढचं वाक्य वाचलं आणि अण्णा असे हसले की त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत पुसत त्यांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली, जी मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. त्यांची पहिली बदली अशाच एका खुर्दला झाली होती आणि ते बुद्रुकच्या शाळेत जाऊन हजर झाले. तिथल्या हेडमास्तरांना माणूस हवाच होता. त्यांनी लगेच दुसरीचा वर्ग दिला. संध्याकाळी हजेरीपटावर नाव चढवताना ऑर्डर बघितली तेव्हा चूक कळली. "दुसरीतली पोरं सोडायला तयार नव्हती," अण्णा म्हणाले, आणि मग बराच वेळ गप्प बसले.

त्या दिवसापासून रोज रात्री अर्धा तास ठरला. सेकंड शिफ्ट असली की सकाळी, गच्चीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा सिडकोतही दहा वाजेपर्यंत ऊन हवंहवंसं असतं. अण्णा पाठीवर ऊन घेत, हातात ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन बसायचे आणि सोलता सोलता ऐकायचे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाळवणाला यायच्या, त्या थांबायला लागल्या. मग त्यांच्या सासूबाई खुर्ची घेऊन आल्या. काही दिवशी सहा-सात जण व्हायचो. सगळ्यांसमोर वाचताना कळतं, कथेत दम आहे की नाही. एकटा वाचतो तेव्हा डोळा कंटाळवाण्या ओळी उडवून पुढे जातो. मोठ्याने वाचताना ती सोय नाही, प्रत्येक शब्द तोंडातून जावा लागतो.

३१ अंकांतून माझं मत असं झालं आहे की नवरा-बायकोच्या भांडणावरचे चुटके आता पुरे झाले. एकाच अंकात सहा ठिकाणी लाटणं आलं. राजकीय टोलेबाजी दिवाळीत वाचली तर ठीक, संक्रांतीपर्यंत तिच्यातली माणसंच बदललेली असतात. टिकतात त्या सावकाश चालणाऱ्या कथा. एखादी छोटी चूक होते, पुढे प्रत्येक माणूस आपापल्या परीने शहाणपणाने वागतो, आणि त्या शहाणपणातूनच गोंधळ वाढत जातो. खुर्द-बुद्रुकच्या कथेत एकही माणूस मूर्ख नाही. बापाला पैसे वाचवायचे आहेत, बँडवाल्यांना दिलेला शब्द पाळायचा आहे, वऱ्हाडाला नाचायचं आहे. कथेतल्या माणसाने स्वतः हसवायला जाऊ नये, असं अण्णांचं म्हणणं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.

हास्यचित्रांची मात्र मोठी पंचाईत होती. शि. द. फडणीसांची 'मोहिनी' अंकाच्या मुखपृष्ठांवरची शब्दांविना चित्रं अण्णांना इतकी पाठ आहेत की रंगांसकट सांगतात. पण नवं चित्र त्यांना दाखवायचं कसं? एका अंकात पंगतीचं चित्र होतं. मी सांगायला सुरुवात केली, "शेवटचा माणूस छत्री उघडून बसलाय..." अण्णांनी हाताने थांबवलं. "छत्री आधी सांगितलीस, आता पुढे काय राहिलं?" हे काम मग माझ्या दहावीतल्या मुलीने घेतलं. तिने तेच चित्र असं सांगितलं: आजोबा, लांबलचक पंगत बसलीय. सगळ्यांनी पांढऱ्या टोप्या घातल्यात. वाढपी आमटीची गळकी बादली घेऊन चाललाय. तो ज्यांच्या मागून गेला त्यांच्या टोप्या पिवळ्या झाल्यात. आता एकच माणूस राहिलाय. आणि तो... इथे ती थांबली. "छत्री उघडून बसलाय!" अण्णांनीच ओळखलं. मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या 'आवाज' या अंकातल्या खिडक्या, म्हणजे पानाला भोक ठेवून मागचं चित्र अर्धंच दाखवणारी चित्रं, तिने अशीच सांगितली. आधी भोकातून दिसतं तेवढंच सांगायचं, मग पान उलटल्याचा आवाज अण्णांना ऐकवायचा, आणि मग खरं चित्र.

आता लायब्ररीच्या उणिवा. विनोदी अंकांना सगळ्यात जास्त मागणी आणि प्रती फक्त दोन-दोन. एका अंकासाठी मी साडेतीन आठवडे थांबलो. नंबर लावायचा तर तिथे जाऊन वहीत नाव लिहावं लागतं, फोनवर घेत नाहीत. दुपारी बारा ते पाच बंद आणि सोमवारी सुट्टी, त्यामुळे सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळीच पळावं लागतं. शब्दकोडी बहुतेक पेनने भरलेली येतात. याला काका-काकू तरी काय करणार, पण वाचकांनी एवढं भान ठेवायला हवं. एका अंकातली खिडकी कुणीतरी कडेने फाडली होती.

सगळ्यात वाईट झालं ते फेब्रुवारीत. आडगावच्या बाजूला घडणारी एक कथा वाचत होतो. द्राक्षबागेतल्या राखणदाराची, विनोदी पण आतून हळवी. गच्चीत पाच माणसं ऐकत होती. शेवटचं पान उलटलं तर ते नाहीच. पाठीमागे कसली तरी पाककृती असावी, कुणीतरी ब्लेडने सरळ कापून नेलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मला त्या कापणाऱ्याचा फार राग आला. संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी तो अंक हातात घेतला, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, काही बोलले नाहीत. दुसरी प्रत एका सभासदाकडे होती. रात्री साडेनऊला माझ्या व्हॉट्सॲपवर त्या पानाचा फोटो आला. काका त्या सभासदाच्या घरी चालत जाऊन तो काढून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत सगळ्यांना परत बोलावून शेवट वाचला. अशी सेवा मला आजवर कुठे मिळालेली नाही, आणि मुख्यतः यासाठी मी हे लिहितो आहे.

पाडव्यानंतर लायब्ररी जुने अंक पन्नास रुपयांना विकते. खुर्द-बुद्रुकचा अंक मी मागून ठेवला होता. काकूंनी तो देताना सैल झालेली एक गाठ परत बांधून दिली.

ज्यांना योजना घ्यायची आहे त्यांनी वसुबारसेच्या आधी नाव नोंदवावं, म्हणजे विनोदी अंकांच्या वहीत नंबर वर लागतो. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर काकूंना तसं सांगा, त्या मोठ्या टाइपाचे अंक बाजूला काढून ठेवतात. आम्ही यंदाचं नाव दिलेलं आहे. अण्णांनी या वेळी माझ्या बायकोचं कार्डही वेगळं काढायला सांगितलंय, म्हणजे एका वेळी दोन अंक मिळतील.