जुना गोल बेलर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

ऊस तुटला की पाचट वाळायला चार-पाच दिवस मिळतात, आणि मागे खोडव्याचं पाणी तटून उभं असतं. त्या चार दिवसांत पाचटाचे गोल गठ्ठे बांधणारा बेलर बंद पडला तर त्या रानातलं काम हातचं गेलं. म्हणून सात-आठ हंगाम चाललेलं मशीन दारात उभं असेल तर त्याचा निकाल पावसाळ्यातच लावा. गाळप सुरू झाल्यावर फिटरही भेटत नाही.

माझं मत सरळ आहे. चेन, बेअरिंग, पाचट उचलणाऱ्या पिकअपचे दात, सुतळी कापायचं पातं हे झिजणारच. ते गेलं म्हणून मशीन मोडीत काढू नये. बाजूचे पत्रे, रोलरचे शाफ्ट आणि गिअरबॉक्स शाबूत असतील तर दुरुस्तीच करा. पण बेअरिंग बसायचं भोक पत्र्यात लांबट झालंय, तिथं दोनदा वेल्डिंग मारलंय आणि रोलर तरीही तिरका चालतोय, अशा मशीनवर पैसा घालू नका. तिथं नवी चेनही टिकत नाही.

चेन घरीच तपासता येते. 80 नंबरच्या चेनची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, 1 इंच असते. चेन ताणून धरा, 12 पिच मोजा, टेप लावा. 12 इंच भरले तर चांगली, सव्वाबारा भरले की बदला. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्या चाकावर फिरते त्याचे, दात विळ्यासारखे वाकलेले असतील तर तेही सोबतच बदला. जुन्या दातांवर नवी चेन घालणं म्हणजे तोच खर्च पुन्हा करणं.

बेअरिंगच्या बाबतीत मी एकदा चूक केली. एका रोलरची घरघर ऐकू येत होती, संध्याकाळी बघू म्हणून रेटलं. वास आला म्हणून थांबलो, तर आत पाचट धुमसत होतं. ट्रॉलीत पाण्याचे कॅन होते म्हणून मशीन वाचलं. आता तासाभरानं ट्रॅक्टर बंद करतो, चावी खिशात घालतो आणि प्रत्येक हाउसिंगजवळ, म्हणजे बेअरिंगच्या कवचाजवळ, हाताची मागची बाजू नेऊन बघतो. बाकीच्यांपेक्षा एक जास्त तापलं की त्याचे दिवस भरलेच. आणि मागचं दार उचलून खाली शिरायचं तर आधी सिलिंडरचं लॉक लावा. हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणीही आत जाऊ नये.

सुटे भाग मिळायला जुनं मशीन बरं पडतं. 208 नंबरचं बेअरिंग, म्हणजे 40 मिमी शाफ्टचं, लातूर-जालन्याच्या दुकानांत मिळतं. शाफ्ट लेथवर भरून घेता येतो. गिअरबॉक्सचे दात मात्र कंपनीकडूनच मागवावे लागतात. ते मिळत नसतील तर दुरुस्तीचा विचार तिथंच सोडा.

नव्याला वॉरंटी आहे, आणि शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करता येतो. पण पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान जातं. सेकंडहँडला ते नाहीच. शिवाय आपला ट्रॅक्टर तेवढ्या एचपीचा आहे का, हे कोटेशन घेण्याआधी बघा. गठ्ठ्याचं म्हणाल तर छोट्या, ठरावीक मापाच्या चेंबरमध्ये तो मधे पोकळसर आणि बाहेरून घट्टच बनतो; नवं आणलं म्हणून त्यात फरक पडत नाही.

घरचंच दहा-पंधरा एकर असेल तर भाड्याचा बेलर परवडतो, फक्त त्याची पाळी आपल्या पाण्याच्या पाळीशी जुळली पाहिजे. आणि जनावरांसाठी गव्हाचा काड बांधणार असाल तर मशीन कुणाचंही असो, सुतळी तागाचीच लावायला सांगा. प्लास्टिकची जनावराच्या पोटात जाऊन बसते.

ठरत नसेल तर एक करा. मशीन मोकळं ठेवून पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा मशीन फिरवणारा मागचा शाफ्ट, मिनिटाला 540 फेऱ्यांवर पंधरा मिनिटं चालवा, मग बंद करून प्रत्येक रोलरखाली पहार घालून उचला. बेअरिंग आत खुळखुळत असेल तर ते बदलून भागतं. हाउसिंगसकट पत्राच हलत असेल तर नव्याचं कोटेशन मागवा.