ओबी व्हॅन की बॅकपॅक?

टीव्हीवर घटनास्थळावरून लाइव्ह बातमी द्यायला ओबी व्हॅन, म्हणजे छतावर डिश असलेली प्रक्षेपणाची गाडी, घेऊन गेलं की आधी जागा शोधायची: वर मोकळं आकाश हवं, समोर इमारत किंवा झाड नको. मग जनरेटर सुरू होतो, छतावरची डिश हळूहळू वर उठते आणि इंजिनिअर मीटरवर डोळा ठेवून उपग्रह पकडतो. सिग्नल सुमारे 36,000 किलोमीटर वर जाऊन खाली येतो, म्हणून लाइव्हमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्यात ती ओळखीची शांतता. धो धो पावसात केयू बँडचा (उपग्रहाकडे जाणाऱ्या रेडिओ लहरींच्या एका पट्ट्याचा) सिग्नल ढासळतो, तोही नेमका पुराच्या बातमीला.

बॅकपॅकला डिश नाही, जनरेटर नाही. पाठीवरच्या पिशवीत वेगवेगळ्या कंपन्यांची सिम कार्डं असतात; चित्राचे तुकडे सगळ्यांवरून वाटून जातात आणि स्टुडिओतला सर्व्हर ते पुन्हा जोडतो. चालत्या गाडीतून, बोटीतूनही लाइव्ह देता येतं. रोजच्या बातमीला मी हेच घेईन.

पण आषाढीला पंढरपुरात जो तो फोन काढतो, नेटवर्कवर ताण येतो आणि चित्र गोठतं. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईतले मोबाइल ठप्प झाले होते. अशा दिवसासाठी व्हॅन हवीच. पाऊस ओसरला की डिश पुन्हा लागते. बंद पडलेल्या टॉवरची मात्र वाट बघावी लागते.