फ्रीडन्सवाल्ड की मेनोस्का?

मुलांना उन्हाळ्यात मेनोनाइट चर्चच्या कॅम्पला पाठवायचा विचार असेल, तर अमेरिकेच्या मध्य भागातले दोन कॅम्प मी पुढे ठेवेन: मिशिगनमधल्या कॅसोपोलिसजवळचा फ्रीडन्सवाल्ड आणि कॅन्ससमधल्या मर्डॉकजवळचा मेनोस्का. शिकागोकरांना पहिला जवळ, विचिटाकरांना दुसरा. पण अंतरावर ठरवण्याआधी हे लोक कोण, ते समजून घ्या.

मेनोनाइट म्हणजे सोळाव्या शतकातल्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट चळवळीचे, म्हणजे बाप्तिस्मा जाणत्या वयात समजून-उमजून घ्यावा असं मानणाऱ्या ख्रिश्चनांचे, वारस. मेनो सिमन्स या धर्मगुरूवरून हे नाव पडलं. शस्त्र हाती घ्यायचं नाही, हा त्यांचा शतकानुशतकांचा बाणा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या सुमारे १२,००० तरुणांनी सैन्याऐवजी नागरी सेवा पत्करली, त्यांत सर्वांत मोठा गट मेनोनाइटांचा होता. कुणी जंगलातले वणवे विझवले, कुणी मनोरुग्णालयांत रुग्णांची सेवा केली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच, १९४८ मध्ये मेनोस्का आणि १९५० मध्ये फ्रीडन्सवाल्ड सुरू झाला. फ्रीडन्सवाल्ड म्हणजे जर्मनमध्ये शांततेचं वन. त्या काळात हे नाव ठेवणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. मेनोस्का हे नाव मात्र साधी जोडणी आहे: मेनोनाइट आणि शेजारून वाहणारी निनेस्का नदी.

(विदर्भातल्या वाचकांसाठी: हेच लोक १८९९ मध्ये धमतरीला आले. तेव्हा तो भाग नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांतात होता.)

निसर्गाचं म्हणाल तर माझा कौल फ्रीडन्सवाल्डला. तिथे शेव्हहेड तळं आहे, दाट झाडी आहे आणि जमिनीखालचं चुनखडीचं पाणी झिरपून तयार झालेली दलदल आहे. मिचेल्स सॅटर हे अस्तंगत होत चाललेलं फुलपाखरू अशाच जागी तग धरून आहे. रंग तपकिरी, पंखांवर पिवळ्या कडेच्या काळ्या ठिपक्यांची रांग. वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे ते लव्हाळ्यांतून अगदी खालून उडतं. किडे-पाखरांत रमणारं पोर घरात असेल, तर दुसरीकडे बघूच नका.

मेनोस्काचं सुख वेगळं: सपाट माळ, मोठं आकाश आणि वाळूवरून वाहणारी उथळ नदी. तळ्याच्या खोल पाण्याला बिचकणाऱ्या मुलाला मी इथे पाठवेन.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. हे चर्चचे कॅम्प आहेत. बायबल, प्रार्थना आणि गाणी रोजच्या दिवसातच येतात. ते तुम्हाला चालणार नसेल, तर हा नाद सोडा. चालणार असेल तर मुलाला आधी मोकळेपणाने सांगा, आणि अर्ज भरतानाच शाकाहारी जेवणाचं विचारून घ्या.