दीक्षा ॲप, टिलीमिली आणि घरातला एकच फोन : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात चालू फोन एकच आहे आणि तो पहाटे साडेचारला टेम्पोबरोबर नारायणगावच्या मार्केटला जातो. मुलांचे बाबा तरकारी वाहतात, भाडी फोनवरच ठरतात, त्यामुळे तो घरी ठेवणं शक्य नाही. परत येतो रात्री आठ-साडेआठला. कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि जून 2020 मध्ये शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी दहाला अभ्यास पडायला लागला, तेव्हा आमची थोरली पाचवीत आणि धाकटा तिसरीत गेला होता. अभ्यास पडायचा तेव्हा फोन मार्केटात आणि फोन घरी यायचा तेव्हा धाकटा झोपेला आलेला. मी बारावीपर्यंत शिकले आहे, घरी शिवणकाम करते, शिकवायचा अनुभव शून्य. हे मी एप्रिल 2021 मध्ये लिहिते आहे. या दहा महिन्यांत काय वापरलं आणि काय उपयोगी पडलं ते माझ्यासारख्या घरांसाठी नीट लिहून ठेवते आहे.

मुख्य वापर दीक्षा ॲपचा. सरकारी आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. केंद्र सरकारने ते 2017 मध्येच आणलं होतं, पण आमच्या वाडीत ते कुणाच्या फोनमध्ये गेलं ते शाळा बंद पडल्यावर. सुरुवातीला ॲप भाषा विचारतं, मग बोर्ड, माध्यम आणि इयत्ता. लॉगिन केलं नाही तरी धडे दिसतात. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात, ते ॲपमधून स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सरावाचे प्रश्न उघडतात. कॅमेऱ्याची काच तडकली असेल तर काळजी नको, कोडजवळच सहा अक्षरी सांकेतांक छापलेला असतो, तो टाइप केला तरी काम होतं. आमच्या फोनच्या काचेला तडा गेलेलाच आहे, म्हणून मी सांकेतांकच टाकते.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडशी जे नाव जोडलेलं आहे ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. ती बातमी आली त्या रात्री मी थोरलीला पुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन दाखवून सांगितलं, हे आपल्यासारख्याच झेडपीच्या शाळेतून आलेलं आहे. तिला फार अप्रूप वाटलं होतं.

पहिला महिना मात्र मी चुकीचं वापरत होते. रात्री फोन आला की धाकट्याला समोर बसवायचं, व्हिडिओ लावायचा आणि मी काज-बटण करायला बसायचं. व्हिडिओ संपला की "समजलं का?" तो म्हणायचा, "हो." जुलैच्या शेवटी त्याची वही उघडली तर 52 वजा 27 चं उत्तर होतं 35. खालचं गणित 61 वजा 38, उत्तर 37. अख्खं पान तसंच. तो दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, वरचा कुठला आणि खालचा कुठला हे बघतच नव्हता. व्हिडिओतल्या बाईंनी दशक कसा सुटा करायचा हे चांगलं समजावलं होतं, मी नंतर तो तीन वेळा पाहिला. पण व्हिडिओला समोरच्या मुलाची पेन्सिल दिसत नाही. ती बघायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं आणि घरात ती मीच होते.

त्या दिवसापासून क्रम उलटा केला. रात्री मुलं झोपली की मी एकटी दुसऱ्या दिवसाचा धडा लावते. दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ, दोनदा बघते. घरातल्या कुठल्या वस्तूने तो दाखवता येईल ते ठरवते आणि सकाळी फोन नसताना, स्वयंपाक आवरल्यावर, वीस मिनिटं शिकवते. दीक्षावरचे व्हिडिओ मला मुलांपेक्षा माझ्यासाठी जास्त उपयोगी पडले. हे माझं सगळ्यात पक्कं मत आहे आणि ज्या आईवडलांना "आम्हाला कुठं शिकवता येतं" असं वाटतं त्यांना मी हेच सांगेन : व्हिडिओ आधी तुम्ही बघा. तिसरीचं गणित आपल्याला येतं, फक्त ते कोणत्या पायऱ्यांनी सांगायचं हे ठाऊक नसतं. ती पायरी तिथे मिळते.

वजाबाकीसाठी मी बटणं घेतली. दहा-दहा बटणं दोऱ्यात ओवून माळा केल्या. 52 म्हणजे पाच माळा आणि दोन सुटी बटणं. मी गिऱ्हाईक, मला 27 बटणं दे. त्याने दोन माळा काढून दिल्या आणि सात सुटी द्यायला हात घातला तर दोनच. माझ्याकडे बघत राहिला. मी काही बोलले नाही. मग त्याने स्वतःच कात्री उचलली, एक माळ कापली, बारा सुटी झाली, त्यातली सात मोजून माझ्या हातावर ठेवली. उरल्या दोन माळा आणि पाच बटणं. "पंचवीस!" असं ओरडला की शेजारच्या काकी डोकावल्या. त्यानंतर आठ-दहा दिवस रोज माळा कापून परत ओवायचं काम मला लागलं, पण 35 पुन्हा आलं नाही.

दुसरी अडचण जुनीच होती. सत्तेचाळीस म्हटलं की तो 74 लिहायचा, कारण कानावर सात आधी येतो. तो दुसरीत होता तेव्हा, 2019 मध्ये, बालभारतीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात सत्तेचाळीसबरोबर "चाळीस सात" असंही वाचन दिलं होतं. त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना सोपं जावं म्हणून हे केलं असं समजावलं होतं, पण मीही तेव्हा "आपली भाषा मोडताय" म्हणणाऱ्यांतलीच होते. शेजारी बसून शिकवल्यावर मत बदललं. माझी शिवणकामाची टेप जमिनीवर पसरली, 40 वर बोट ठेवायला सांगितलं, तिथून सात पुढं जा. "चाळीस... सात. म्हणजे सत्तेचाळीस." दोन्ही शब्द त्याने एका श्वासात म्हटले. सासूबाई त्याला सत्तेचाळीसच शिकवतात, मी आधी चाळीस सात म्हणून घेते, आणि आता त्याला दोन्ही येतं. टेपवर 40, 50, 60 ला मी मार्किंगच्या खडूने खुणा केल्या होत्या, त्या कधीच्या पुसल्या गेल्या, आता लागतही नाहीत.

टिलीमिलीबद्दलही सांगायला हवं. सह्याद्री वाहिनीवर 20 जुलै 2020 पासून पहिली ते आठवीसाठी ही मालिका लागली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली. आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे, त्यामुळे फोनही नको आणि डेटाही नको. तिच्यात फळ्यासमोर उभं राहून कुणी शिकवत नाही. घरातली माणसं आणि मुलं मिळून पाठावर आधारलेलं काहीतरी करतात, बोलतात, हाताशी असलेल्या वस्तू वापरतात. बटणांच्या माळांची कल्पना मला ते बघूनच सुचली. आमची अडचण एकच होती, वेळ ठरलेली. पावसाळ्यात वाडीवर दिवसातून दोनदा लाइट जाते, आणि गेली की तो भाग गेला.

नोव्हेंबरपासून स्वाध्याय आला. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न येतात, पर्याय निवडून पाठवायचे, लगेच बरोबर की चूक ते कळतं. थोरलीला हा आवडतो, ती दर शनिवारी बाबांची वाट बघत बसते. धाकटा मात्र न वाचता अ, ब, क दाबायचा. मी नियम केला की आधी उत्तर पाटीवर करून दाखवायचं, मग बटण.

पैशाच्या बाबतीत एकदा आमची चूक झाली, ती सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. ऑगस्टमध्ये एका खासगी शिकवणी ॲपचा माणूस घरी आला. टॅबवर रंगीत चित्रं दाखवली, थोरलीची पाच मिनिटांची परीक्षा घेतली आणि "ही मागे पडणार" म्हणाला. आई म्हणून ते ऐकवत नाही. हप्ता भरला. शिकवणं बहुतेक इंग्रजीत निघालं, आमच्या पुस्तकाशी मेळ नव्हता. बंद करायला फोनवर फोन करावे लागले आणि पैसे परत यायला अडीच महिने गेले. तेवढ्या पैशांत दोन्ही मुलांचं वर्षभराचं वह्या-पेनचं सामान आलं असतं. मुलाची परीक्षा घेऊन भीती घालणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आमच्या उपयोगी पडलेली युक्ती दिवाळीत सापडली. धाकट्या दिरांकडे एक जुना फोन पडून होता, काच फुटलेली, सिमचा खाचा खराब. दीक्षावरचे धडे एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात आणि फाइल म्हणून दुसऱ्या फोनवर पाठवताही येतात. रात्री मी पाण्याच्या टाकीपाशी जाते, तिथे रेंज बरी असते, आठवड्याचे धडे उतरवते आणि त्या जुन्या फोनवर टाकून देते. त्यात सिम नाही, गेम नाहीत, कुणाचा फोन येत नाही. थोरली दुपारी तो घेऊन एकटी बसू शकते. परिसर अभ्यासाचे दोन्ही भाग तिने असेच केले. शेजारच्या काकींच्या नातीही येऊन त्यांच्या फोनवर धडे घेऊन जातात, त्यात एक रुपयाचा डेटा लागत नाही. जागा मात्र लवकर भरते, म्हणून झालेला धडा त्याच आठवड्यात काढून टाकायचा.

पुस्तकं शाळेतून मोफत मिळतात. पण थोरलीचं इंग्रजीचं पुस्तक पावसात भिजलं, तेव्हा बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवली. जुलै 2020 मध्ये त्या वर्षापुरता अभ्यासक्रम 25 टक्के कमी झाला होता, कोणते पाठ वगळले ते शिक्षकांना विचारून पुस्तकात पेन्सिलीने खूण करून ठेवायला हवी होती. मी ते उशिरा केलं आणि वगळलेल्या एका पाठावर चार दिवस घालवले.

आमच्या गुरुजींचं नाव लिहीत नाही, पण त्यांच्याशिवाय हे काही जमलं नसतं. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ वाटायला यायचे त्या दिवशी देवळाच्या पारावर मुलांना लांब लांब बसवून वह्या तपासायचे. मी 35 ची गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी वहीतल्या चुका खोडू नका म्हणून सांगितलं, त्या बघूनच मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. तेव्हापासून आमच्याकडे खोडरबर बंद आहे.

वेळेचं म्हणाल तर ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या 2020 च्या प्रज्ञाता सूचनांमध्ये पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन सत्रं सांगितली आहेत. घरी शिकवतानाही मला तिसरीच्या मुलाची मर्यादा वीस-पंचवीस मिनिटंच दिसली. त्यापुढे ताणलं की तो रडायचा आणि माझा आवाज चढायचा. एक दिवस मी पाटी आपटली. तो दिवस मला अजून टोचतो. त्यानंतर वेळ संपली की गणित अर्धं राहिलं तरी उठायचं असं ठरवलं.

जे जमलं नाही तेही सांगते. धाकट्याचं वाचन मागे पडलं आहे. जोडाक्षर आलं की अडखळतो, आणि वर्गात सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणण्यात जी सवय होते ती आईजवळ बसून होत नाही. इंग्रजीचे माझे उच्चार कच्चे आहेत, तिथे मात्र मी व्हिडिओच लावते आणि दोघांबरोबर मीही म्हणते. थोरली जानेवारीच्या शेवटी पाचवी ते आठवीच्या शाळा उघडल्या तेव्हा काही आठवडे जाऊन आली, आणि तेवढ्यात तिचा चेहरा बदलला होता. मैत्रिणींना भेटून आली की न सांगता अभ्यासाला बसायची.

ज्या घरात दिवसातून वीस मिनिटं कुणीतरी मुलाजवळ बसू शकतं, तिथे दीक्षा आणि टिलीमिली मिळून पुरेसे आहेत, विकत काही घेऊ नका. जिथे दोघंही दिवसभर रोजावर असतात तिथे नुसता फोन देऊन भागणार नाही. तिथे शेजारची शिकलेली पोरगी, आजी, कुणीतरी माणूस शोधा.

या महिन्यात पहिली ते आठवीची मुलं परीक्षेशिवाय वरच्या वर्गात गेल्याचं जाहीर झालं. धाकट्याने विचारलं, "मग माझं गणित कुणीच बघणार नाही?" मी म्हटलं, मी बघते. 403 वजा 148 दिलं. दहा माळांची गाठ मारली की त्याला आम्ही हार म्हणतो, पण चार हार होतील एवढी बटणं माझ्या डब्यात नाहीत, म्हणून तोंडीच करायचं होतं. मधल्या शून्यापाशी तो थांबला. बराच वेळ पेन्सिल चावली. मग म्हणाला, "आई, माळ नाहीच आहे. आधी हार तोडावा लागेल, त्याच्या दहा माळा, मग त्यातली एक कापायची." आणि शून्यावर बारीक नऊ लिहून खाली 255 लिहिलं.